बोलपट आला तेव्हा नाशिक कुठे होतं?
लेखांक सहावा

मेक्सिकोच्या बोलपटाची गोष्ट ‘सांता’पासून सांगतात, मराठीची ‘अयोध्येचा राजा’पासून. दोन्ही 1932 चे, आणि दोघांपुढचा पेच एकच. मूकपटाच्या पाट्या बदलल्या की तो कुठेही चालायचा. बोलणारी नायिका मात्र एकाच भाषेत बोलते.

हॉलिवूडने यावर खर्चिक तोड काढली. ‘ड्रॅक्युला’ दिवसा इंग्रजीत व्हायचा आणि रात्री त्याच सेटवर दुसरा संच तो स्पॅनिशमध्ये करायचा. त्या स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’तली लुपिता तोवार पुढे ‘सांता’ची नायिका झाली. फेदेरिको गाम्बोआंच्या 1903 च्या कादंबरीतली ही खेड्यातली पोर एका सैनिकाकडून फसवली जाते आणि शहरातल्या कुंटणखान्यात पोचते. दिग्दर्शक आंतोनियो मोरेनो हाही हॉलिवूडमध्ये नाव कमावून आलेला नट. आवाजाची यंत्रणा तेवढी घरची, रॉड्रिग्ज बंधूंची.

कोल्हापुरात ‘प्रभात’नेही दुहेरी उद्योगच केला: एक ‘अयोध्येचा राजा’ मराठीत, एक हिंदीत. पण विषय निवडला तो हरिश्चंद्राचा. फाळक्यांनी 1913 मध्ये पहिला चित्रपट केला तोही हरिश्चंद्राचाच. नव्या यंत्राची धास्ती असताना व्ही. शांताराम आणि मंडळींनी प्रेक्षकांना तोंडपाठ असलेली कथा घेतली, हे मला शहाणपणाचं वाटतं.

फाळक्यांच्या तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं होतं. बायका तयारच होत नव्हत्या. एकोणीस वर्षांनी ‘प्रभात’ची तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या. हा बदल मला चित्रपटाला आवाज मिळण्याहून मोठा वाटतो. त्याची चर्चा मात्र कमी होते.

हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. ‘मानापमान’चं संगीत त्यांचं, या चित्रपटाचंही त्यांचंच. पार्श्वगायनाची सोय अजून आली नव्हती. अभिनय करायचा आणि त्याच दमात गायचंही. वादक चौकटीबाहेर बसवायचे, मायक्रोफोन दिसू द्यायचा नाही, आणि सूर चुकला की सगळं पुन्हा. अशा कामाला संगीत नाटकात मुरलेला माणूसच हवा. ती माणसं कोल्हापुरात होती.

आणि नाशिक? शहराच्या एका टोकाला, पांडवलेण्याच्या पायथ्याशी, फाळके स्मारक आहे. तुमच्यापैकी काहींनी तिथे सहली काढल्या असतील. पण याच नाशिकमधून एकेकाळी चित्रपट देशभर जायचे, हे सहलीत कोण सांगतं? फाळक्यांनी मुंबईहून इथे बस्तान हलवलं आणि पुढे 1918 पासून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथूनच चालली. ‘अयोध्येचा राजा’ आला त्याच 1932 मध्ये फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ आला, तोही मूक! लोकांना आता कान द्यायची चटक लागली होती. मागाहून त्याला आवाज चढवला, पण मुळात मुक्याने रचलेली दृश्यं, ती बोलून किती बोलणार?

फाळक्यांनी खराखुरा बोलपट एकच केला, ‘गंगावतरण’, 1937 चा. तो कोल्हापूर सिनेटोनसाठी. तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं. त्यानंतर ते नाशिकला परतले, आणि 1944 मध्ये तिथेच वारले. ‘गंगावतरण’मागच्या कोल्हापूरच्या मुक्कामाबद्दल पुढच्या आठवड्यात.