निवडक संकेतस्थळांतील एकत्रित शोध

सर्पदंशावर प्रथमोपचार कोणता, असे शोधयंत्रास विचारले असता असंख्य पाने पुढे येतात. त्यांत वैद्यकसंस्थांची माहिती असते, तशीच जखम चोखून विष काढावे असे सांगणारी घातक माहितीही असते. अशा वेळी जागतिक आरोग्य संघटना, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांसारख्या निवडक संस्थांच्या संकेतस्थळांपुरताच शोध घेणे इष्ट होय. त्यासाठी प्रत्येक स्थळ निरनिराळे उघडावे लागत नाही.

प्रश्न विचारताच शोधयंत्र जगभरच्या संकेतस्थळांकडे धाव घेते, ही समजूत बरोबर नाही. त्याचे संगणकीय कार्यक्रम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्याकडे जात पाने आधीच वाचून ठेवतात व त्यांची सूची तयार करतात. ग्रंथाच्या अखेरीस दिलेल्या सूचीत शब्दापुढे पृष्ठांक असतात. येथे शब्दापुढे पानांचे पत्ते असतात. ‘सर्पदंश’ हा शब्द असलेली सर्व पाने हा एक संच झाला. निवडलेल्या सर्व स्थळांच्या पानांचा संयोग केला की दुसरा संच मिळतो. ह्या दोन संचांचा छेद म्हणजेच हवी असलेली पाने. सूची तयारच असल्यामुळे अनेक स्थळे एकाच वेळी चाळता येतात.

गूगल ह्या शोधयंत्रात प्रथम शोधशब्द लिहावा. जागा सोडून रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्यास लागून कोलन व कोलनास लागून संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. दुसरे स्थळ जोडताना मध्ये ‘किंवा’ ह्या अर्थाचा ‘ऑर’ हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत घालावा व पुन्हा तसाच पत्ता द्यावा. पत्त्याच्या जागी केवळ ‘जीओव्ही डॉट इन’ लिहिल्यास त्या नावाखालील भारतीय शासकीय संकेतस्थळांत एकदम शोध होतो. नेहमी लागणाऱ्या स्थळांची यादी करून तिच्यापुरते स्वतंत्र शोधयंत्र बनविण्याची सोय गूगलने २००६ साली उपलब्ध करून दिली.

ह्या पद्धतीस मर्यादाही आहेत. सूचीत न आलेले पान सापडत नाही. काही संकेतस्थळे आपली पाने सूचीबाहेर ठेवण्याची सूचनाही देतात. म्हणून काही न आढळल्यास माहितीच अस्तित्वात नाही, असे मानू नये. शिवाय विश्वसनीय स्थळे कोणती, हे वाचकानेच ठरवावयाचे असते.

प्रत्यक्ष सर्पदंश झाल्यास मात्र शोधात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. असा शोध शाळेने आधीच घेऊन त्यातील सूचना फलकावर लावून ठेवाव्यात, हेच श्रेयस्कर.