पहिली पायरीच निघाली तर?
लेखमाला : दहावीच्या आधी – लेखांक ६

दिल्लीचे सरोजिनी नगर म्हटले की स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. पण बाजाराच्या मागे पसरलेली वसाहत त्याहून कितीतरी मोठी आहे. ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत, जुने नाव विनय नगर. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. तेव्हापासून इथली जुनी क्वार्टर पाडून टोलेजंग इमारती उभ्या राहू लागल्या. घरे बदलली, तरी घरातली चर्चा फारशी बदललेली नाही. मुलगा किंवा मुलगी नववीत गेली की तीच वाक्ये कानावर येतात : बारावी होऊ दे, एसएससीचा (स्टाफ सिलेक्शन कमिशनचा) फॉर्म भर, एकदा आत लागलास की पुढे बढती आपोआप. मुंबई-पुण्याहून बदलीवर किंवा भरतीतून दिल्लीत आलेली मराठी कुटुंबेही याच हिशेबावर इथे रुजली. एका कारकुनाच्या पगारावर दोन मुले शिकली, गावाकडे पैसे गेले, निवृत्तीनंतर फ्लॅट झाला. या हिशेबाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच तो आता नीट तपासून पाहायला हवा.

मागच्या लेखांकानंतर पालकांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : ‘एआय कोणत्या नोकऱ्या खाणार नाही, त्यांची यादी द्या.’ यादी देणारे पुष्कळ आहेत. क्लासवाले देतात, व्हिडिओवाले देतात. मी देणार नाही, कारण चौदा वर्षांच्या मुलाला अशी यादी उपयोगाची नसते.

२०१६ चेच उदाहरण घ्या. त्या वर्षी टोरंटोत जेफ्री हिंटन या संगणकशास्त्रज्ञाने जाहीरपणे सांगितले की रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस होईल, फार तर दहा वर्षे लागतील. बोलणारा ऐरागैरा नव्हता. यंत्रांना शिकवण्याच्या संशोधनासाठीच हिंटन यांना पुढे २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आता हिशेब करू. २०१६ साली दहावी झालेली मुलगी २०१८ मध्ये बारावी होते, एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि एमडीची तीन धरली तर २०२७ च्या आसपास रेडिओलॉजिस्ट होते. ते भाकीत ऐकून तिने वाट सोडली असती, तर पस्तावली असती. एक्स-रे आणि स्कॅन वाचणारी सॉफ्टवेअर आज रुग्णालयांत आहेत, आणि रेडिओलॉजिस्टची मागणीही टिकून आहे. त्या डॉक्टरचा दिवस फक्त चित्र वाचण्यात जात नाही. कोणता स्कॅन करायचा ते ठरवणे, सर्जनशी बोलणे, सुई कुठे घालायची ते पाहणे, अहवालावर सही करून त्याची जबाबदारी घेणे, ही सगळी त्याचीच कामे.

नोकरी म्हणजे अशा वीस-पंचवीस कामांचे गाठोडे. यंत्र बहुधा सगळे गाठोडे उचलत नाही, त्यातली काही कामे काढून घेते. कोणती कामे जातात आणि मग उरलेल्या कामांना किती माणसे लागतात, हे पाहायचे असते.

सरोजिनी नगरच्या घराघरात ज्या नोकरीची स्वप्ने पाहिली जातात, ती एलडीसीची, म्हणजे लोअर डिव्हिजन क्लर्कची, नोकरी याच नजरेने पाहू. पात्रता बारावी. स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा, त्यानंतर टायपिंगची चाचणी : मिनिटाला इंग्रजीचे ३५ किंवा हिंदीचे ३० शब्द. सेवेत शिरल्यावर आलेले पत्र डायरीत नोंदवायचे, गेलेले डिस्पॅचमध्ये चढवायचे, जुन्या फाइलीतून संदर्भ शोधून लावायचा, स्मरणपत्राचा मसुदा टाइप करायचा, तक्ते भरायचे. ही कामे कंटाळवाणी खरी, पण पाच-सात वर्षे ती केली की माणूस नियम शिकतो. कोणत्या फाइलीवर कोणाचा आक्षेप येईल हे त्याला दिसायला लागते. पुढे यूडीसी (अप्पर डिव्हिजन क्लर्क), मग असिस्टंट. कागद नकलता नकलता कारभार समजायचा, अशी ही शाळा होती.

या शाळेने एक मोठे यंत्रांतर पचवले आहे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात त्याचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. महाराष्ट्रात परीक्षा परिषदेची टाइपरायटरवरची परीक्षा २०१७ मध्ये शेवटची झाली, नंतर सगळे संगणकावर आले. तेव्हाही भीती होतीच. पण टाइपरायटरवर बसलेली बोटे कीबोर्डवरही चालली. यंत्र बदलले, टाइप करणारे माणूस राहिले. याच आठवणीमुळे घरातले वडीलधारे आज म्हणतात, ‘संगणक आला तेव्हाही असेच बोलत होते.’

या वेळी फरक आहे, आणि तो दिल्लीतच दिसला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात शिवसेनेच्या फुटीच्या खटल्याची सुनावणी घटनापीठापुढे चालू होती. त्या दिवशी प्रथमच न्यायालयातले बोलणे एआयच्या साहाय्याने तत्काळ लिखित रूपात पडद्यावर येत होते. आपण मराठी माणसे त्या खटल्यात कोण काय बोलले याकडे डोळे लावून बसलो होतो. ते बोलणे उतरवून कोण घेत होते, याकडे कोणाचे लक्ष गेले? लघुलेखक मिनिटाला ऐंशी किंवा शंभर शब्दांचा वेग कमावण्यासाठी वर्ष-दोन वर्षे घासतो. त्या कामाचा गाभाच तिथे यंत्र करत होते. मजकूर तपासायला माणसे लागतात हे खरे. पण तपासायला लागणारी माणसे उतरवून घ्यायला लागणाऱ्या माणसांपेक्षा कमी असतात, आणि त्यांना विषय आधीच ठाऊक असावा लागतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मध्ये निरनिराळ्या व्यवसायांतली कामे सुटी करून तपासली. कारकुनी कामांपैकी २४ टक्के कामांवर अशा यंत्रणेचा मोठा परिणाम संभवतो आणि आणखी ५८ टक्क्यांवर मध्यम, असे त्यात निघाले. दुसऱ्या कोणत्याही व्यवसायगटाचा आकडा याच्या जवळपास नव्हता. २०२५ च्या सुधारित अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सर्वाधिक झळ बसू शकेल अशा गटात जगभरातल्या स्त्रियांच्या नोकऱ्यांचे प्रमाण ४.७ टक्के, तर पुरुषांच्या नोकऱ्यांचे २.४ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. हे वाचून मला फार वाईट वाटले. टायपिंग आणि स्टेनो यांच्या जोरावर कितीतरी मुलींनी पहिल्यांदा स्वतःचा पगार हातात घेतला. ‘मुलीला टायपिंग शिकवून ठेव, अडीअडचणीला उपयोगी पडेल’ हे आईचे वाक्य आता पुरे पडत नाही. त्या जागी काय सांगायचे, याचा विचार घराघरात व्हायला हवा.

सरकार मात्र सावकाश चालते. अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने गोपनीयतेच्या कारणावरून कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नका असे बजावले. ते वाचून सरकारी नोकरी सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणारे पालक मला भेटतात. सेवेत असलेल्या माणसाची नोकरी बहुतेक सुरक्षितच आहे. प्रश्न आज नववीत असलेल्या मुलाचा आहे. तो बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दाराशी उभा राहील, तेव्हा जाहिरातीत जागा किती निघतील? निवृत्त झालेल्याची जागा भरलीच नाही, तर कोणालाही काढून न टाकता पद संपते. त्याचा गाजावाजा होत नाही, मोर्चा निघत नाही.

खासगी क्षेत्रात हेच थोडे लवकर दिसू लागले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा अभ्यास मांडला. एआयचा सर्वाधिक संपर्क असलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या तरुणांचा रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घटला होता. त्याच व्यवसायांतल्या अनुभवी माणसांची संख्या टिकून होती. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करणार असल्याचे सांगितले. तिथे फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला होता, आणि कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने स्पष्ट केले. तेव्हा प्रत्येक कपातीचे खापर एआयवर फोडू नये. अमेरिकेतला आकडाही भारताला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यातली खूण ओळखीची आहे : अनुभवी माणूस राहतो, शिकाऊ माणसाची गरज कमी होते. ज्या कामांवर हात घासून माणूस अनुभवी व्हायचा, तीच कामे आधी जातात. मला सगळ्यात मोठी काळजी याची वाटते.

मग यंत्राला न जमणारे हातकाम धरावे का? सरोजिनी नगरच्या बाजारात उत्तर बसलेले आहे. जीन्सची लांबी कमी करून देणारा कारागीर पाहा. तो गिऱ्हाइकाला आधी रोजचे बूट घालायला लावतो, पाय सरळ ठेवायला सांगतो, टाचेशी दुमड घेऊन खडूने खूण करतो. मूळची विटलेली किनार कापून बाजूला ठेवतो, मधला भाग छाटतो आणि तीच किनार पुन्हा जोडतो, म्हणजे पँट नवी कापलेली वाटत नाही. जाड शिवणीवर सुई मोडेल म्हणून तिथे मशीनचे चाक हाताने फिरवतो. यातले काहीच चॅटबॉटला करता येत नाही. पण यंत्राला न जमणारे काम म्हणजे चांगल्या मिळकतीचे काम, असे समीकरण नाही. या कारागिराला पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही, बसायची जागाही हक्काची नाही. ‘एआयपासून सुरक्षित’ असा शिक्का मारून मुलांना कामे दाखवणाऱ्यांनी पगार, सुरक्षा आणि पुढची वाट यांबद्दलही बोलले पाहिजे. तेच कौशल्य कापडाच्या अभ्यासाशी, नमुना-आखणीशी किंवा हिशेबाशी जोडले गेले, तर त्याची किंमत वाढते. इथे शाळेचे काम सुरू होते.

शाळेत आज काय मिळते? सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा कौशल्य विषय सुरू केला, संकेतांक ४१७. लेखी ५० गुण, प्रात्यक्षिक ५०. सहावा विषय म्हणून बरीच मुले तो घेतात, कारण गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रात नापास झाल्यास हा विषय त्या जागी धरता येतो. या सोयीपलीकडे जाऊन दहावीतला मूल्यमापनाचा धडा मन लावून शिकावा, असे मी आवर्जून सांगेन. यंत्र किती वेळा चुकले एवढेच त्यात मोजत नाहीत, कोणत्या बाजूने चुकले तेही मोजतात. जंगलात आग लागली असताना ‘नाही’ म्हणणे आणि लागलेली नसताना ‘आहे’ म्हणणे या दोन वेगळ्या चुका आहेत, आणि त्यांची किंमतही वेगळी. ज्याला हा फरक कळतो, तो यंत्राने दिलेला मसुदा, हिशेब किंवा भाषांतर डोळे मिटून पुढे ढकलणार नाही. मात्र भाषांतर तपासायला दोन्ही भाषा पक्क्या हव्यात आणि ताळेबंद तपासायला बेरीज कुठे घसरते ते कळायला हवे. म्हणून दिल्लीतल्या मराठी घरांनी मुलांचे मराठी सोडू नये. न्यायालये आणि मंत्रालये यंत्राकडून भाषांतर करवून घेऊ लागली आहेत, आणि ते वाचून चूक दाखवणारी माणसे लागणार आहेत.

सीबीएसई आणि एनसीईआरटी यांनी नववी-दहावीसाठी ‘तमन्ना’ नावाची अभिक्षमता चाचणीही तयार केली आहे. तिच्यात भाषा, अंक, अवकाश, यांत्रिक तर्क अशा सात अंगांनी कल पाहतात, पास-नापास नाही. ती जरूर द्यावी. तिच्यावरून नोकरी ठरवू नये.

घरी करण्यासारखे एक काम या आठवड्यासाठी सुचवते. आई, बाबा, शेजारचे काका यांपैकी कोणाही एकाच्या कामाचा एक दिवस मुलाने अर्ध्या-अर्ध्या तासाने वहीत लिहून काढावा. पुढे तीन खुणा करायच्या. हे काम आधीच्या कागदावरून नवा कागद तयार करण्याचे होते का? यासाठी जागेवर जाऊन पाहावे लागले का, किंवा माणसाशी बोलावे लागले का? यात चूक झाली असती तर जाब कोणाला विचारला असता? आणि शेवटी त्या मोठ्या माणसाला विचारायचे : हे काम तुम्ही कोणाच्या हाताखाली, काय करता करता शिकलात, आणि ते काम आज कोण करते? या एका प्रश्नातून मुलांना जे कळेल, ते करिअर मेळाव्यातल्या दहा पत्रकांतून कळणार नाही.

पुढच्या लेखांकात अकरावीच्या शाखांबद्दल सविस्तर लिहिणार आहे, पण एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. सीबीएसईच्या दहावीला गणित दोन पातळ्यांवर आहे : ‘स्टँडर्ड’, संकेतांक ०४१, आणि सोपे ‘बेसिक’, संकेतांक २४१. ‘बेसिक’ घेतलेल्याला अकरावीत नेहमीचे गणित मिळत नाही, उपयोजित गणित मिळते, असा मूळ नियम. मधल्या काही वर्षांत मंडळाने यात सवलत दिली होती. टक्केवारी वाढेल म्हणून कितीतरी घरांत ‘बेसिक’वर सहज खूण केली जाते, आणि अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या वाटा अरुंद होतात. तुमच्या मुलाच्या वर्षाला कोणता नियम लागू आहे, हे परीक्षार्थींची यादी मंडळाकडे जाण्याआधी वर्गशिक्षकांना विचारून घ्या.