कृष्णकर्ण आणि पीतकंठ

दोन पक्ष्यांचा परस्परांत संकर होत असेल, तर त्यांना दोन जाती कोणत्या न्यायाने म्हणावयाचे, अशी पृच्छा एका वाचकांनी केली आहे. तिचे उत्तर पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा आग्नेय ऑस्ट्रेलियातील मॅलीच्या, म्हणजे एकाच बुंध्यातून अनेक खोडे काढणाऱ्या खुरट्या युकॅलिप्टसच्या रानात अधिक चांगले सापडते. तेथील मधुभक्षी कुळातील पीतकंठ मायनर या पक्ष्याला जॉन गूल्डने १८४० सालीच शास्त्रीय नाव दिले. पण त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा कृष्णकर्ण मायनर विज्ञानाच्या दप्तरी दाखल होण्यास १९११ साल उजाडावे लागले. ती नोंद करणारा एफ. ई. विल्सन पक्ष्याच्या लॅटिन नावापुढे कंसात तेवढा उरला आहे आणि कीर्ती सारी गूल्डच्या चित्रग्रंथांची झाली, याची मला थोडी खंत वाटते. कारण दोघांतील भेद ओळखणे हे सोपे काम नव्हे. पीतकंठ उडाला की शेपटीच्या मुळाशी पांढुरका पट्टा चमकतो. कृष्णकर्णाचा तो भाग पाठीइतकाच करडा असतो, आणि मुखावरील काळिमा काहीसा अधिक गडद.

खरा भेद मात्र वस्तीचा. पीतकंठाला विरळ झाडी मानवते, तर कृष्णकर्णाला दीर्घकाळ वणवा न शिवलेली दाट मॅली लागते. दोन गावांमध्ये घनदाट रान असेतोवर शिवेचे दगड कोणी तपासत नाही. रान तुटले की वहिवाट मिसळते, आणि नेमके तसेच येथे घडले. गव्हाच्या शेतीसाठी मॅली तोडली गेली, मेंढ्यांसाठी ठिकठिकाणी तळी खोदली गेली, आणि त्या मोकळ्या जागांतून पीतकंठ कृष्णकर्णाच्या मुलखात शिरून त्याच्याशी जोड्या जमवू लागला. संकराच्या छटा इतक्या की सुटा पक्षी पाहून निवाडा देणे धोक्याचे; अभ्यासक म्हणून सबंध थव्याची पारख करतात.

तेव्हा हा संकर पुढे करून कृष्णकर्णाला जातींच्या यादीतून खारीज करावे, हा युक्तिवाद मला उतावळा वाटतो. माणसाने कुंपण मोडावे आणि मग कुंपण कधी नव्हतेच म्हणावे, असा हा प्रकार आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ग्लूपॉट हा पन्नास हजार हेक्टरांहून विस्तीर्ण मेंढवाडा पक्षिमित्रांच्या संघटनेने १९९७ साली लोकवर्गणीतून विकत घेतला, तेव्हा मॅली राखण्याबरोबरच एक काम उघडच होते: मेंढ्यांची जुनी तळी बंद करणे, म्हणजे पाण्याच्या आधाराने पीतकंठाला तेथे ठाण मांडता येऊ नये.