बँकेला लिहिलेले पत्र

१३ ऑक्टोबर १९९२ रोजी जागतिक बँकेचे अध्यक्ष लुईस प्रेस्टन यांना एक पत्र गेले. खाली दोन सह्या होत्या. पहिली ब्रॅडफर्ड मोर्स यांची. ते अमेरिकेचे माजी रिपब्लिकन लोकप्रतिनिधी आणि दहा वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुख होते. दुसरी सही थॉमस बर्जर यांची, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. पत्राचा आशय असा होता की, सरदार सरोवर प्रकल्पाबद्दल आम्ही जूनमध्ये जो अहवाल दिला, त्यातल्या मुख्य निष्कर्षांना बगल देऊन आणि काहींचा विपर्यास करून तुमच्या अधिकाऱ्यांनी संचालकांसमोर कागद ठेवला आहे. बँकेने स्वतः नेमलेले, बँकेच्याच खर्चाने काम केलेले दोन प्रतिष्ठित लोक बँकेच्या अध्यक्षांना हे लेखी कळवत होते.

‘मोर्स अहवाल’ हे नाव नर्मदेच्या लढ्याशी थोडाही परिचय असलेल्या मराठी वाचकाला माहीत असते. पण आपल्याकडे त्याची चर्चा एका वाक्यात आटोपते : अहवाल विरोधात गेला आणि बँक निघून गेली. मी ३६३ पानांच्या या अहवालाकडे वर्षानुवर्षे परत परत जातो, याचे कारण ते वाक्य नव्हे. आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांवर टीका करणारी भाषणे पुष्कळ आहेत. बँकेचा स्वतःचा नियम, तिने सही केलेला करार आणि सातपुड्यातल्या पाड्याची प्रत्यक्ष स्थिती शेजारी शेजारी ठेवून वाचणारा असा दस्तऐवज दुसरा नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९चा. धरणाची उंची ४५५ फूट, आणि एक चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन. बँकेने मे १९८५मध्ये धरण आणि कालव्यासाठी मिळून ४५ कोटी डॉलरच्या करारांवर सह्या केल्या. सक्तीच्या विस्थापनाबद्दलचे बँकेचे धोरण त्याआधीच, १९८०मध्ये लिहिलेले होते आणि आदिवासींबद्दलचे १९८२मध्ये. भारत सरकारची पर्यावरणीय मंजुरी मात्र १९८७ची, तीही सशर्त. म्हणजे कर्जाची सही आधी आणि मंजुरी दोन वर्षांनी. पर्यावरणाचा कार्य-आराखडा १९८५ सरण्यापूर्वी द्यायचा होता. मोर्स आणि बर्जर १९९२मध्ये लिहायला बसले तेव्हाही तो तयार नव्हता.

पण अहवालाचा खरा गाभा महाराष्ट्राच्या तेहतीस गावांत आहे. ही गावे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तेव्हा धुळे जिल्ह्यात, आता नंदुरबारमध्ये. बुडणाऱ्यांतले महाराष्ट्राचे पहिले गाव मणिबेली. इथला भिल्ल आणि पावरा शेतकरी डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या नेवाड, म्हणजे जंगलातली जमीन, कसत आला. वनखात्याच्या दप्तरी ते अतिक्रमण. सातबारा नाही, म्हणून तो खातेदार नाही. खातेदार नाही, म्हणून दोन हेक्टरचा हक्क नाही. महाराष्ट्राने ३१ मार्च १९७८पूर्वीचे अतिक्रमण मान्य करू असे म्हटले, पण ते सिद्ध करायला कागद हवा, आणि कागद बहुधा ज्या खात्याने दंड केला त्याच्याकडेच. ज्याला सिद्ध करता आले नाही तो भूमिहीन ठरला, आणि भूमिहीनाला एक एकर. तीन-चार पिढ्या जमीन कसून जगवलेल्या माणसाला सरकारने भूमिहीन म्हणायचे आणि बँकेने ते निमूट मान्य करायचे, हा अन्याय होता, आणि तो नियमाच्या भाषेत झाकलेला होता. बँकेचे धोरण सांगत होते की विस्थापिताचे राहणीमान किमान पूर्वीइतके तरी राहिले पाहिजे. एक एकरात ते राहणार नाही, हे समजायला वॉशिंग्टनमध्ये कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

गुजरातने डिसेंबर १९८७च्या ठरावाने अतिक्रमणदार, भूमिहीन आणि सज्ञान मुलगे अशा सर्वांना दोन हेक्टर देऊ केले. या ठरावामागे राजपीपळ्याजवळच्या मांगरोळच्या ‘आर्च-वाहिनी’ या संस्थेचा दीर्घ झगडा होता, आणि बँकेवर बाहेरून आणलेले दडपणही. इथून स्वयंसेवी संस्थांमध्येच एक कडवट वाद सुरू झाला. आर्च-वाहिनीचे म्हणणे : मागितले ते मिळाले, आता अंमलबजावणीवर पहारा ठेवू. महाराष्ट्रातली नर्मदा धरणग्रस्त समिती आणि पुढे नर्मदा बचाओ आंदोलन यांचे म्हणणे : एवढ्या लोकांना देण्याइतकी जमीन कुठे आहे ते आधी दाखवा. मोर्स अहवाल आला तेव्हा आर्च-वाहिनीने त्यावर जाहीर टीका केली. गुजरातमध्ये प्रत्यक्ष झालेल्या पुनर्वसनाला त्यात न्याय मिळाला नाही, असा तिचा आक्षेप होता. तो आक्षेप मी हलका मानत नाही. गुजरातच्या एकोणीस गावांपुरते तिने बरेच मिळवले होते. पण बुडीत गावे २४५ होती, त्यांतली १९३ मध्य प्रदेशात आणि ३३ महाराष्ट्रात. या गावांतल्या माणसाला आपल्या राज्यात थोडके घ्या नाहीतर परक्या राज्यात दोन हेक्टरवर जा, असे सांगणे म्हणजे निवड देणे नव्हे. या मुद्द्यावर अहवाल बरोबर होता, आणि पुढच्या तीस वर्षांनी तेच दाखवले.

हा अहवाल निर्माण झाला तो बँकेच्या सदिच्छेतून नव्हे. ऑक्टोबर १९८९मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे मेधा पाटकर, वकील गिरीश पटेल आणि पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांनी साक्षी दिल्या. परांजपे यांचे काम लाभ-खर्चाच्या हिशेबावर होते. प्रकल्पाचे समर्थक ज्या आकड्यांवर उभे होते तेच आकडे त्यांनी तपासायला घेतले. १९९०मध्ये जपानने टर्बाइनसाठीचे पुढचे कर्ज थांबवले. त्यामागे जपानी पर्यावरणवाद्यांनी तिथल्या जनमतात केलेले काम होते. मग डिसेंबरमधला बडवानीहून निघालेला मोर्चा, फेरकुव्याला गुजरातच्या सीमेवर अडवलेले हजारो लोक, बाबा आमटे, आणि तीन आठवड्यांवर गेलेले उपोषण. यानंतरच बँक स्वतंत्र पाहणीला तयार झाली.

इथे बर्जर यांच्याविषयी थोडे सविस्तर, कारण आपल्याकडे त्यांची ओळख फारशी नाही. १९७४ ते १९७७ या काळात त्यांनी कॅनडाच्या उत्तरेत मॅकेन्झी खोऱ्यातल्या वायुवाहिनीची चौकशी केली. कंपन्यांच्या वकिलांचे ऐकून ते थांबले नाहीत. लहान लहान आदिवासी वस्त्यांत जाऊन त्यांनी लोकांच्या साक्षी त्यांच्या भाषांत ऐकल्या आणि शेवटी सांगितले की आदिवासींचे जमिनीचे हक्क ठरेपर्यंत, दहा वर्षे, या खोऱ्यात वाहिनी नको. पुढे राज्यघटनेतल्या आदिवासी हक्कांवर न्यायाधीश असताना जाहीर बोलल्यामुळे वाद झाला आणि १९८३मध्ये त्यांनी न्यायासन सोडले. त्यांच्यासोबत नर्मदेवर आलेले मानववंशशास्त्रज्ञ ह्यू ब्रोडी यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या शिकारी जमातींबरोबर राहून त्यांच्या वहिवाटीचे नकाशे तयार केले होते. कागद नसलेल्या माणसाचा जमिनीशी असलेला संबंध कसा नोंदवायचा, हे ज्याच्या आयुष्याचे काम, तो माणूस नेवाडीच्या प्रश्नापुढे उभा होता. चौथे सदस्य डोनाल्ड गॅम्बल यांच्याकडे पर्यावरणाची बाजू होती. काम स्वीकारताना मोर्स आणि बर्जर यांनी अटी घातल्या : बँकेच्या सर्व फायली खुल्या हव्यात, खर्चाचा निधी आमच्या हाती हवा, आणि अहवाल बँकेची कात्री न लागता छापला जावा. या तीन अटी नसत्या तर पुढचे काहीच घडले नसते.

१८ जून १९९२चा निष्कर्ष : आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन अशक्य, पर्यावरणीय परिणामांचा नीट विचार झालेला नाही, बँकेने मागे सरून नव्याने विचार करावा. बुडीत क्षेत्रातल्या किमान एक लाख लोकांखेरीज, कालव्यामुळे जमीन जाणाऱ्या सुमारे १ लाख ४० हजार शेतकऱ्यांना कुणी प्रकल्पग्रस्त म्हणून मोजतच नव्हते. प्रकल्पाच्या वसाहतीसाठी १९६१मध्येच जमीन गेलेल्या केवडियाच्या सहा गावांचीही तीच गत. दोष एकट्या राज्य सरकारांचा नाही, कर्ज देताना बँकेने आपलेच नियम बाजूला ठेवले, हेही अहवालाने स्पष्ट लिहिले.

व्यवस्थापनाने सप्टेंबरमध्ये ‘पुढची पावले’ अशा नावाचा कागद काढला. त्यात सुधारणांचे वेळापत्रक होते आणि काम चालू ठेवण्याची शिफारस. जगभरातल्या संस्थांनी ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात देऊन बँकेने बाहेर पडावे अशी मागणी केली. मग सुरुवातीला सांगितलेले ते १३ ऑक्टोबरचे पत्र आले. २३ ऑक्टोबरच्या संचालकांच्या बैठकीत अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्डिक देशांचे प्रतिनिधी कर्ज थांबवण्याच्या बाजूचे होते. बँकेत मते भागभांडवलाच्या प्रमाणात. तरी बहुमत कर्ज चालू ठेवण्याकडे गेले आणि भारताला मार्च १९९३पर्यंत मुदत मिळाली. मुदत संपता संपता भारत सरकारनेच उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर नकोत असे कळवले.

१९९२मध्येच बँकेच्याच विली वापेनहान्स यांचा अंतर्गत अहवालही बाहेर आला होता. १९९१मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक, आणि अधिकाऱ्याची बढती कर्ज मंजूर करून घेण्यावर अवलंबून, त्याच्या फळावर नाही, असे त्यात होते. मणिबेली हा अपवाद नव्हता, ती बँकेची रीतच होती.

बँक गेली, हा विजय मानला गेला, आणि तो होताच. पण त्याच पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्याखाली गेली. नोव्हेंबरमध्ये अक्राणी तालुक्यात सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक आदिवासी मुलगा मारला गेला. कर्जकराराच्या अटी कर्ज फिटेपर्यंत लागू होत्या. त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे बँकेने सोडून दिले. याबद्दल बँकेला माफी नाही.

पैसा मात्र थांबला नाही. १९९३च्या अखेरीस सरदार सरोवर निगमने रोखे काढले : आज ३,६०० रुपये द्या, वीस वर्षांनी १ लाख ११ हजार घ्या. मध्यमवर्गीय गुंतवणूकदारांनी ते घेतले. वाचकांपैकी काहींच्या घरातही ते आले असतील. रोखेधारकाचे विस्थापनाबद्दलचे धोरण नसते, त्याच्याकडे दाद मागता येत नाही, त्याच्या दारात उपोषणाला बसता येत नाही. निर्लज्ज का होईना, पण लेखी नियम असलेला सावकार जाऊन नियमच नसलेला पैसा आला. वित्तसंस्थांच्या टीकाकारांनी या गोष्टीचा पुरेसा विचार केलेला नाही, असे माझे मत आहे.

या झगड्याने जे टिकाऊ दिले ते वेगळेच आहे. २२ सप्टेंबर १९९३ रोजी बँकेच्या संचालक मंडळाने तीन सदस्यांचे तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेने स्वतःचे नियम मोडले का, एवढाच त्याचा प्रश्न. पहिली तक्रार नेपाळच्या अरुण-३ धरणाची होती. १९९५मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतले. १९९४मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणे थांबवावे असे जाहीर केले, त्या जाहीरनाम्याला मणिबेलीचे नाव दिले.

दहा वर्षांनी हे हत्यार मुंबईत वापरले गेले. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला बँकेने २००२मध्ये ५४.२ कोटी डॉलर दिले होते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात कुर्ल्याची दुकाने जाणार होती. दुकान केवढेही असो, मोबदला २२५ चौरस फूट. दुकानदारांनी २००४मध्ये तपासणी मंडळाकडे तक्रार केली. डिसेंबर २००५च्या अहवालात मंडळाने त्यांचे बरेचसे म्हणणे मान्य केले आणि विस्थापितांची संख्या, उपजीविका, नव्या वसाहतींची अवस्था यांबाबत बँकेला दोष दिला. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले. काही महिन्यांनी सुधारणांचे आश्वासन घेऊन पुन्हा सुरू केले. कुर्ल्याच्या दुकानदाराला मिळालेली ही दाद मणिबेलीच्या आदिवासींनी मिळवून ठेवली होती. त्यांना स्वतःला तिचा उपयोग झाला नाही.

मंडळ ना प्रकल्प रद्द करू शकते, ना भरपाई देऊ शकते. न्यायालयाची वाटही अवघड आहे : कच्छच्या मुंद्रा वीजप्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या भगिनीसंस्थेविरुद्ध तिथले मच्छीमार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१९मध्ये जिंकले. या संस्थांना सरसकट अभय नाही असे कोर्ट म्हणाले, पण पुढे खालच्या न्यायालयात त्यांचा दावा टिकला नाही.

आज महाराष्ट्रात बँकेचा पैसा धरणात कमी आणि शेतीत जास्त दिसतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प त्यातलाच. तुमच्या गावात, वस्तीत अशा पैशाचे काम चालू असेल तर प्रकल्पाची कागदपत्रे मागा, त्यातले पुनर्वसनाचे आणि पर्यावरणाचे पान वाचा, आणि लिहिले आहे तसे होत नसेल तर ते नोंदवून ठेवा. तपासणी मंडळाकडे तक्रार करायला दोन बाधित माणसे पुरतात, आणि २०२०पासून प्रकल्प बंद झाल्यावरही पंधरा महिन्यांपर्यंत ती करता येते.