नाईलने डोकं झाकलंय, पण चर्चला पाहून नाही

रोमला जाऊन आलेली मंडळी पियात्सा नाव्होना या चौकाची एक गोष्ट हटकून सांगतात. चौकाच्या मधोमध बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं आहे, समोर बोरोमिनीचं सांत आन्येझे (म्हणजे संत आग्नेस) चर्च. दोघे शिल्पकार-वास्तुविशारद एकमेकांचे हाडवैरी. म्हणून म्हणे, समोरचं कुरूप चर्च दिसू नये यासाठी बर्निनीने नाईलच्या पुतळ्याचं डोकं कापडाने झाकलं, आणि ते चर्च अंगावर कोसळेल या भीतीने रिओ दे ला प्लाताच्या पुतळ्याला हात वर करायला लावलं. यावर बोरोमिनीनेही उत्तर दिलं म्हणतात : चर्चवर संत आग्नेसचा पुतळा बसवला आणि तिला छातीवर हात ठेवून ‘हे पडणार नाही’ अशी ग्वाही द्यायला लावली.

गाईड हेच सांगतात, प्रवासवर्णनांत हेच छापून येतं, आणि आता रीळांमधूनही हेच फिरतं. दोन तारखा शेजारी ठेवायचे कष्ट मात्र कुणी घेत नाही.

कारंजं पुरं होऊन लोकांसाठी खुलं झालं ते जून १६५१ मध्ये. तेव्हा आजचं चर्च तिथे नव्हतंच. त्याचा पाया घातला गेला ऑगस्ट १६५२ मध्ये, आणि तोही बोरोमिनीच्या हातून नव्हे, तर जिरोलामो राइनाल्दी आणि त्याचा मुलगा कार्लो यांच्या आराखड्यावर. बोरोमिनीकडे हे काम आलं १६५३ मध्ये. मग त्याने दर्शनी भिंत आत वळवून घेतली, दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांची कल्पना मांडली आणि काही वर्षांत तोही या कामातून बाहेर पडला. म्हणजे जे चर्च उभं नव्हतं आणि ज्याच्या वास्तुविशारदाची नेमणूकही झाली नव्हती, त्याची चेष्टा बर्निनी करणार कशी? संत आग्नेसचा पुतळा तर त्याहून नंतरचा.

मग नाईलचं डोकं का झाकलं? याचं उत्तर गूढ नाही आणि नवंही नाही. बर्निनीचं चरित्र लिहिणाऱ्या बाल्दिनुच्चीने ते १६८२ मध्येच सांगून ठेवलं आहे : नाईल नेमकी कुठे उगम पावते हे ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्या देवतेचा चेहरा पडद्याआड. उगमाच्या शोधात युरोपीय प्रवासी स्पीक व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोचला तो १८५८ मध्ये, कारंजं झाल्यावर दोन शतकांनी. एका भौगोलिक प्रश्नाला दगडात दिलेलं हे रूप किती देखणं आहे! त्यावर भांडणाचं ठिगळ लावलं जातं, याचा खरंच राग येतो.

‘पण त्यांचं वैर तर खरं होतं ना?’ हा प्रश्न येतोच. हो, स्पर्धा खरी होती आणि कडवी होती. सेंट पीटर्सच्या दर्शनी भागावर बर्निनीने उभारलेल्या घंटाघराने भिंतीला तडे गेले, बोरोमिनीने त्यावर जाहीर टीका केली, आणि १६४६ मध्ये ते घंटाघर उतरवावं लागलं. याच चौकातल्या कारंज्यासाठी बोरोमिनीनेही आराखडा केला होता. पोप दहावा इनोसंट सुरुवातीला बर्निनीवर नाराज होता. बाल्दिनुच्ची सांगतो की, पोपच्या नात्यातल्या लुदोव्हिसीने बर्निनीचा नमुना पोपच्या वाटेवरच्या दालनात ठेववला, पोपने तो पाहिला आणि काम बर्निनीला मिळालं. खरी चुरस इथे आहे, कंत्राट कुणाच्या हाती पडतं त्यात.

दंतकथेच्या गोंगाटात आणखी एक गोष्ट दबून जाते. हे कारंजं उभं राहत होतं तेव्हा रोममध्ये धान्याची टंचाई होती, आणि खर्चासाठी कर बसवला गेला तो पावासारख्या रोजच्या जिनसांवर. लोकांनी बांधकामाच्या दगडांवर निनावी चिठ्ठ्या चिकटवल्या : आम्हाला कारंजी नकोत, पाव हवा. गाईडने सांगायचंच असेल तर हे सांगावं.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत. कारंज्यावरचा स्तंभ फारोंच्या काळचा नाही : ग्रॅनाइट इजिप्तचा, पण तो घडवला गेला रोमन सम्राट डोमिशियनसाठी आणि चित्रलिपीत नावही त्याचंच आहे. चारही पुतळे बर्निनीने स्वतः कोरलेले नाहीत. आराखडा त्याचा, पण नाईल फान्चेल्लीची, डॅन्यूब राज्जीची, रिओ दे ला प्लाता बाराताची. चौकाचा लांबट आकार हाही कुणा नगररचनाकाराचा लहरीपणा नव्हे, खाली डोमिशियनचंच क्रीडांगण आहे.

आणि चौथी नदी गंगा. हातात लांबलचक वल्हं घेऊन रेललेला, दाढीवाला पुरुष दिसला की आपल्याकडचे लोक ‘हा शंकर’ म्हणून फोटो काढतात. तो शंकर नाही, गंगाच आहे. ग्रीक-रोमन परंपरेत नद्यांच्या देवता बहुधा पुरुषच असतात, आणि वल्हं आहे ते गंगेत दूरवर नावा चालतात म्हणून. हा पुतळा कोरला क्लोद पूसाँने. प्रसिद्ध चित्रकार निकोला पूसाँ तो वेगळा.