होडी म्हातारी झाली की जाते कुठे?

१८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ सुमारे १६ मीटर लांबीची एक बोट लागली. बोटीत माणूस नव्हता, पण तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं होती. काही तासांत अख्ख्या किनाऱ्यावर हाय अलर्ट लागला, नाकाबंदी झाली. २६/११ ची आठवण असलेल्या मुंबईकरांच्या पोटात गोळा आला.

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की ही ‘लेडी हान’ नावाची बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची आहे. ती मस्कतहून युरोपला निघाली होती. २६ जूनला इंजिन बंद पडलं, एका कोरियन युद्धनौकेनं माणसांना वाचवलं, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट ओढून नेता आली नाही. सोडून दिलेली ती बोट जवळजवळ दोन महिने लाटांवर तरंगत कोकणात पोहोचली.

म्हणजे घातपात वगैरे काही नव्हतं. पण एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. मालकानं सोडली म्हणून बोट नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी दारात येऊन उभी राहतेच.

‘लेडी हान’ नाइलाजानं सोडली गेली. पण ज्या छोट्या होड्या जुन्या होतात, गळतात, ज्यांच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, त्यांचं काय होतं? कोकणात फिरायला गेलात तर खाडीच्या कडेला चिखलात रुतलेल्या, अर्ध्या बुडालेल्या, रंग उडालेल्या होड्या तुम्हीही पाहिल्या असतील. कदाचित त्यांच्यापुढे उभं राहून फोटोही काढला असेल. फोटोत त्या छान दिसतात. प्रत्यक्षात त्या कचरा असतात, आणि तो कचरा उचलायचा कुणी हे ठरलेलं नसतं.

मोठ्या जहाजाला गिऱ्हाईक, छोट्या होडीला नाही

जहाज जुनं झालं की ते मोडायला जातं, हे आपल्याला माहीत असतं. गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून हे काम चालतं. मुंबईत दारूखान्यात जहाजं तोडली जातात. आपली पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तिथेच मोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग वापरून बजाजनं २०१६ मध्ये ‘व्ही’ मोटारसायकल बाजारात आणली.

जहाज विकलं जातं, कारण त्यात पोलाद असतं. नियमही मोठ्या जहाजांसाठीच आहेत. जहाजं सुरक्षितपणे मोडण्याबद्दलचा हाँगकाँग आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. तो ५०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजांना लागू आहे. मच्छीमाराची आठ-दहा मीटरची होडी त्यात कुठेच बसत नाही.

जुन्या गाडीशी तुलना करून बघा. दिल्लीच्या करोल बागेत जुन्या मोटारसायकलींचा मोठा बाजार आहे. अगदीच निकामी झालेल्या गाडीसाठीही २०२१ पासून वाहन भंगार धोरण आहे. अधिकृत केंद्रात गाडी द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं, नोंदणी रद्द करायची. गाडीला जन्मदाखला आहे तसा मृत्यूचा दाखलाही आहे. होडीची नोंदणी होते, तिच्यावर नंबर रंगवला जातो, पण तिच्या शेवटासाठी अशी ठरलेली जागा नाही.

लाकडी होडीला वाट माहीत होती

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता, कारण होडी लाकडाची असे. साग, ऐन, आंबा, फणस अशा झाडांच्या लाकडापासून गावातलाच मेस्त्री ती बांधायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जायच्या. आजही १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ही लगबग दिसते. नारळी पौर्णिमेच्या आधी डागडुजी, रंगरंगोटी आणि पूजा होते आणि होडी पुन्हा पाण्यात जाते.

समुद्रातले किडे लाकूड पोखरतात, फळ्या कुजतात, खिळे गंजतात. एक दिवस मेस्त्री सांगतो, आता हिच्यावर पैसे घालू नका. मग होडी उघडली जायची. चांगल्या फळ्या दुसऱ्या होडीच्या दुरुस्तीला, काही गोठ्याच्या भिंतीला किंवा ओटीवरच्या बाकाला, खिळे भंगारवाल्याला आणि उरलेलं लाकूड चुलीला. जे किनाऱ्यावर राहिलं ते काही वर्षांत मातीत मिसळून जायचं. कुणी त्याला रिसायकलिंग म्हणत नव्हतं, पण ते तेच होतं.

जगात इतरत्रही हेच दिसतं. केरळमध्ये तांदूळ वाहून नेणाऱ्या जुन्या केट्टुवल्लम होड्यांना १९९० च्या दशकापासून हाऊसबोटींचं रूप मिळालं. इंग्लंडच्या होली आयलंडवर मासेमारीच्या जुन्या होड्या उलट्या घालून त्यांच्या कोठ्या केल्या आहेत. इंडोनेशियात जुन्या होड्यांच्या रंग उडालेल्या फळ्यांपासून टेबलं आणि कपाटं बनतात आणि परदेशात चांगल्या किमतीला विकली जातात.

फायबर आलं आणि गणित बदललं

मग फायबरच्या होड्या आल्या. हलक्या, गळत नाहीत, किडे लागत नाहीत, दरवर्षीची डागडुजी कमी. लाकूड महाग झालेलं, मेस्त्री कमी झालेले. मच्छीमारांनी फायबर स्वीकारलं यात काहीच चूक नाही. सरकारी योजनांनीही त्याला बळ दिलं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या बदल्यात नवी होडी आणि जाळी घेण्यासाठी अनुदानाची तरतूद आहे.

पण ज्या गुणामुळे फायबर चांगलं, त्याच गुणामुळे ते शेवटी त्रासदायक ठरतं. ही होडी काचेचे बारीक तंतू आणि रेझिन एकत्र करून बनते. रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. बादली किंवा खुर्चीचं प्लास्टिक वितळवून नवी वस्तू करता येते, तसं याचं होत नाही. ते कुजत नाही आणि भंगारवाला ते वजनावर घेत नाही. इंजिन विकलं जातं, जाळी विकली जाते, लोखंडी भाग विकले जातात. राहतो तो सांगाडा. त्याची किंमत शून्य, उलट तो हलवायलाच टेम्पो आणि माणसं लागतात.

हातावर पोट असलेल्या कुटुंबानं हा खर्च का करावा? म्हणून सांगाडा खाडीच्या कडेला ओढून ठेवला जातो. कधी रात्री पेटवून दिला जातो. जळत्या फायबरचा काळा धूर विषारी असतो आणि मागे काचेच्या तंतूंचा ढीग राहतो, जो वाऱ्याबरोबर उडतो आणि पावसाबरोबर पाण्यात जातो.

खाडीतून ताटात

हे फक्त किनाऱ्यावर राहणाऱ्यांचं दुखणं नाही. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत चिचेस्टर बंदरातली कालवं आणि शिंपले तपासले. त्यांच्या शरीरात फायबरग्लासचे कण सापडले. त्या भागात बोटींची खूप ये-जा आहे, दुरुस्ती होते आणि टाकून दिलेल्या बोटीही आहेत. कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात जातं.

आपल्याकडे कालवं आणि तिसऱ्या खाडीतूनच येतात. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून त्या गोळा करण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. टोपलीभर तिसऱ्यांवर घरखर्च चालवणाऱ्या या मावश्यांची जागा आणि टाकलेल्या होड्यांची जागा बऱ्याचदा एकच असते.

सरकारलाच बोट नकोशी होते तेव्हा

समुद्रापासून दूर, भीमा नदी आणि उजनी जलाशयाच्या परिसरातही नकोशा बोटींचा प्रश्न आहे. तिथे बेकायदा वाळू उपसा करणाऱ्या बोटी महसूल विभाग आणि पोलीस पकडतात. पकडलेल्या बोटी पुन्हा वापरल्या जाऊ नयेत म्हणून त्या जागेवरच नष्ट केल्या जातात, कधी जिलेटिनच्या स्फोटानं, कधी जाळून. अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

वाळूचोरी थांबलीच पाहिजे. जप्त केलेली बोट पुन्हा चोरांच्या हाती जाऊ नये हेही खरं. पण बोट फोडली की तिचे तुकडे, तेल आणि रंग कुठे जातात? उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. बोट संपवण्याची नीट सोय यंत्रणेकडेच नसेल तर एखाद्या गरीब मच्छीमाराला दोष देण्यात काय अर्थ आहे?

इतरांनी काय केलं?

काही देशांनी यावर उपाय शोधले आहेत.

जपानमध्ये २००५ पासून फायबरच्या जुन्या बोटी गोळा करण्याची व्यवस्था आहे. बोट तोडून तिचा चुरा सिमेंटच्या भट्टीत वापरतात. रेझिन इंधनासारखं जळतं आणि काच सिमेंटमध्ये मिसळते.

नॉर्वेत २०१७ पासून जुनी छोटी बोट ठरलेल्या केंद्रात आणून दिली तर मालकाला १,००० क्रोनर मिळतात. टाकून देण्यापेक्षा आणून देणं फायद्याचं ठरतं.

फ्रान्समध्ये २०१९ पासून नवी बोट बाजारात आणणाऱ्या कंपनीकडून एक छोटी रक्कम घेतली जाते. त्यातून जुन्या बोटी मोडण्याचा खर्च निघतो. मालकाला फक्त बोट केंद्रापर्यंत न्यायचा खर्च करावा लागतो.

नॉर्वे आणि फ्रान्समध्ये एक गोष्ट सारखी आहे. मोडण्याचं ओझं शेवटच्या मालकावर टाकलेलं नाही. आणि हाच मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे होडीचा शेवटचा मालक बहुतेक वेळा सगळ्यात गरीब असतो. मोठा मच्छीमार होडी विकतो, ती मधला घेतो, त्याच्याकडून खाडीत मासेमारी करणारा घेतो. होडी मरते ती त्याच्या हातात.

आपल्याकडे नवी होडी घ्यायला अनुदान मिळतं. त्याच अनुदानात जुनी होडी जमा करण्याची अट आणि तिच्या वाहतुकीचा खर्च जोडला तर? आपल्या सिमेंट कारखान्यांत पुनर्वापर न होणारं प्लास्टिक आजही जाळलं जातं, म्हणजे तंत्र नवं नाही. मात्र सिमेंट कारखाने चंद्रपूरकडे आणि होड्या कोकणात, हे अंतर आहे. त्यासाठी बंदरावरच सांगाडे कापून, चुरा करून पाठवावे लागतील. मासे उतरवायला जशी जेट्टी लागते, तशी होडी उतरवायलाही एक जागा लागेल.

तुम्ही काय करू शकता?

घरची होडी असेल तर:

• होडी मोडायचं ठरलं की आधी डिझेल, ऑइल आणि बॅटरी काढून घ्या. पाण्याचं पहिलं नुकसान यांनीच होतं.

• मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात नोंदणी आणि परवाना रद्द करून घ्या. नोंदणी तुमच्या नावावर राहिली आणि होडीचा कुणी गैरवापर केला तर चौकशी तुमच्या दारी येईल.

• होडी विकली तरी कागद करा. तोंडी व्यवहार करू नका.

• फायबर जाळू नका आणि मुद्दाम बुडवू नका. कापायची वेळ आली तर मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. काचेचे कण त्वचेला आणि फुप्फुसांना त्रास देतात.

• होडी लाकडाची असेल तर फळ्या फेकण्याआधी फर्निचर करणाऱ्यांना विचारा. जुन्या रंगाच्या फळ्या चुलीत मात्र घालू नका, त्या रंगात घातक घटक असू शकतात.

पर्यटक असाल तर:

• समुद्रात किंवा किनाऱ्यावर बेवारस बोट दिसली तर आत चढू नका, मुलांना चढू देऊ नका. सागरी पोलिसांच्या १०९३ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवा.

• टाकलेल्या होडीत साचलेलं पाणी डासांचं घर असतं. आसपास वस्ती असेल तर ग्रामपंचायतीला सांगा.

शाळा, सोसायटी किंवा हॉटेल चालवत असाल तर:

• जुनी फायबर होडी अजून बरीच वर्षं टिकते. स्वच्छ करून, कडा घासून आणि रंगवून तिची बाग, बसायची जागा किंवा मुलांची खेळायची होडी होऊ शकते. किनारी गावांतल्या चौकांत आणि हॉटेलांच्या अंगणांत अशा होड्या दिसतात. मच्छीमाराला तिचे चार पैसे द्या, फुकट मागू नका.

अर्थात, प्रत्येक होडीची बाग होऊ शकत नाही. खाडीच्या कडेला रुतलेल्या सांगाड्यांसाठी व्यवस्थाच लागेल आणि ती मच्छीमार सोसायट्या, ग्रामपंचायती आणि सरकार यांनी मिळून उभी करावी लागेल. सुरुवात मोजणीपासून होऊ शकते. पुढच्या ग्रामसभेत एक साधा प्रश्न विचारा: आपल्या गावाच्या हद्दीत टाकून दिलेल्या होड्या किती आहेत, आणि त्यातल्या किती फायबरच्या आहेत? आकडा कागदावर आला की तो उचलण्यासाठी पैसे मागता येतात.