शाहिरांच्या घरातली झील

'जय जय महाराष्ट्र माझा' सुरू झालं की मंडळाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतली मंडळीसुद्धा बटाटेवड्याची डिश खाली ठेवून उभी राहतात. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने या गीताला राज्यगीताचा मान दिला. पण शाहीर साबळे म्हणजे एवढं एकच गाणं, अशी आपल्या मुलांची समजूत होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, वाईजवळच्या पसरणी गावचा. साने गुरुजींचा सहवास लाभला, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा डफ कडाडला. 'आंधळं दळतंय'सारखी मुक्तनाट्यं त्यांनी रंगभूमीवर आणली. १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम 'महाराष्ट्राची लोकधारा'.

पहाटे मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवत दारी येणारा वासुदेव आठवतो ना? लग्नानंतर कुलदैवताचा गोंधळ घालायला संबळ आणि तुणतुणं घेऊन येणारे गोंधळी? ही गाणी वहीत नव्हती. बापाकडून मुलाकडे यायची. मुलगा नोकरीसाठी शहरात गेला की गाणं तिथंच थांबायचं. शाहिरांनी वासुदेव, गोंधळ, वाघ्या-मुरळी, कोळीगीत हे सगळं एका रंगमंचावर आणलं. अंगणातला गोंधळ आणि नाट्यगृहातला गोंधळ एक नव्हे, हे मान्य. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर देवी अंगात येत नाही! तरी मुंबईत वाढलेल्या पोरांना संबळीचा ठेका कळला तो अशाच कार्यक्रमांतून.

आणि यात घरच सगळं गुंतलेलं. पत्नी भानुमती स्वतः कवयित्री. चिरंजीव देवदत्त संगीतकार. जयवंत कुलकर्णींनी गायलेलं 'ही चाल तुरुतुरु' आपण ऐकलंय, त्याची चाल त्यांची. कन्या चारुशीला अभिनेत्री आणि नृत्यांगना. मुलीचा मुलगा केदार शिंदे आजोबांच्या लोकधारेतच घडला, आणि त्याच्यासोबत अंकुश चौधरी व भरत जाधवही. शाहीर २० मार्च २०१५ रोजी गेले. २०२३ मध्ये केदारने 'महाराष्ट्र शाहीर' चित्रपट काढला. त्यात अंकुश शाहीर झाला आणि केदारची मुलगी सना हिने आपल्या पणजीची, भानुमतींची भूमिका केली. चौथी पिढी!

पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहिराने ओळ टाकली की ते ती उचलतात, 'जी जी रं जी' म्हणत शाहिराला दम घ्यायला उसंत देतात. शिकण्याची सुरुवात तिथूनच होते. मागे उभं राहून, चुकत, ऐकत. आपल्याकडे मात्र मुलांना थेट माईकसमोर उभं करतात आणि मागे कराओके लावतात. गळे चांगले आहेत हो पोरांचे! पण ट्रॅक काही कुणासाठी थांबत नाही, आणि शेजारी उभं राहून ओळ उचलणारंही कुणी नसतं.

येत्या महाराष्ट्र दिनाला एक पोवाडा ट्रॅकशिवाय करायचा विचार आहे. शाहीर कुणीही होईल, आम्हाला हवेत झीलकरी. आई, बाबा, भारतातून आलेले आजी-आजोबा आणि मुलं, अख्खं घर आलं तर उत्तमच. ढोलकी आहे. डफ मात्र कुणाकडे असेल तर कळवा.